बारवेला पाणी कुठून आलं

"सुरुवात बुरुजापाशी, मग कालव्याच्या काठाने सरळ बारवेपर्यंत, तिथून वळून परत. बरोबर तीन किलोमीटर," सौमित्र वहीतल्या नकाशावर पेन्सिल टेकवत म्हणाला.

"मोजलं कायनं बे?" गोपालने विचारलं.

"सायकलच्या चाकाने. सातशेपर्यंत मोजत आलो होतो, तेवढ्यात तू मध्ये बडबडलास. म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं."

काजल बुटाची नाडी आवळत होती. दिवाळीची सुट्टी लागून चार दिवस झाले होते आणि बुलढाण्याची धावण्याची निवड चाचणी वीस दिवसांवर आली होती. तेरा वर्षांच्या काजलला तीन किलोमीटर पळायचं होतं, आणि सावळझिरा गावात पळायला जागा होती ती ही एवढीच. तसा वरवट बकालकडे जाणारा डांबरी रस्ता होता, चांगला रुंद आणि सपाट. पण त्याचं नाव काजलच्या घरात कुणी काढत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिचा मोठा भाऊ गजेंद्र पोलीस भरतीसाठी त्या रस्त्यावर पहाटे पळत होता. मागून कापूस भरलेली गाडी आली. गजेंद्र वाचला, पण त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर काजलच्या वडिलांनी, कडूबाने, एकच अट घातली. पळायचं असेल तर कालव्याच्या काठाने, जिथे गाडीघोडं येत नाही तिथे. डांबरीवर पाय ठेवला तर पळणं कायमचं बंद. कडूबा फार बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे तो एकदा बोलला की त्यावर घरात चर्चा होत नसे.

तशी काठाची वाट सुंदरच होती. एका हाताला संथ वाहणारा कालवा, दुसऱ्या हाताला तूर आणि कपाशी, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. टोकाला वळणावर, कालव्याच्या मातीच्या भरावाच्या खाली पन्नास पावलांवर, जुनी दगडी बारव. चारी बाजूंनी पायऱ्या, कोनाड्यांत झिजलेल्या मूर्ती. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या जनकाआजीनेसुद्धा लहानपणापासून ती कोरडीच पाहिली होती.

आणि आता त्या बारवेत पाणी आलं होतं.

सगळं गाव आनंदात होतं. सरपंच हरिओमभाऊंचा आनंद तर गावात मावत नव्हता. मागच्या वर्षी आपण नाला खोल केला, त्याचंच हे पाणी, असं ते भेटेल त्याला सांगत होते. बारवेकडे जायला मुरमाचा नवा रस्ता त्यांनी पाणी यायच्या आधीच केला होता, आता कठड्याला रंग दिला होता आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी दहाला जलपूजन ठरवलं होतं. गावातल्या दीडशे बायका पायऱ्यांवर बसून पाण्याची ओटी भरणार होत्या. संग्रामपूरहून पाहुणे येणार होते.

त्या दिवशी काजल वळणावर पोचली आणि थबकली. पळणाऱ्याला जमीन पायांनी कळते. इथे पाऊल पडलं की धप्प असा पोकळ आवाज येत होता. तिने मागे जाऊन पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा तोच आवाज. गोपालने तिथे उडी मारून बघायची तयारी दाखवली, तेव्हा तिने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

दोन दिवसांनी कालव्याचं पाणी पलीकडच्या गावांच्या पाळीसाठी वळवलं गेलं. सौमित्रने नकाशासाठी बारवेच्या पायऱ्यांवर खडूने खुणा केल्या होत्या. पाणी दोन पायऱ्या उतरलं होतं. शनिवारी कालवा पुन्हा सुरू झाला आणि रविवारी पाणी दोन पायऱ्या चढलं. नाला मात्र होता तसाच कोरडा, त्यात शेळ्या चरत होत्या.

"पाणी नाल्याचं नाही," सौमित्र म्हणाला. हा मुलगा शाळेतल्या नीळकंठ सरांचा. बोलायचा कमी आणि लिहायचा फार.

तिघं वळणावर पालथी पडून कालव्यात डोकावली. काठाला लागून पाण्यात एक लहानसा भोवरा होता. वाळकं पान आलं की दोन गिरक्या घ्यायचं आणि खाली जायचं, ते परत वर येत नव्हतं. मग तिघं भरावाच्या खाली उतरली. तिथे पायथ्याशीच जेसीबीने खणलेला मोठा खड्डा होता. बारवेच्या रस्त्याचा मुरूम लांबून आणायला नको म्हणून हरिओमभाऊंनी तो इथूनच, कालव्याच्या भरावाच्या बुडातून काढला होता. जवळचा आणि फुकटचा. खड्ड्याची भिंत ओली होती, तिच्यातून माती ओघळत होती.

मुलं सरळ हरिओमभाऊंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. कालवा सरकारने बांधलाय, तो काय तुमच्या उड्यांनी फुटतो का, म्हणाले. आणि जलपूजनाच्या तोंडावर असलं अभद्र बोलू नये, हेही सांगितलं. गोपालने पेढा खाल्ला आणि मग त्याला स्वतःचाच राग आला.

परत येताना त्यानेच पुढचा विषय काढला. कालव्याच्या कचेरीत फोन केला तर पहिल्यांदा काय होईल? काठाची वाट बंद होईल. मग काजल पळणार कुठे? चाचणी होईपर्यंत गप्प राहिलं तर? इतके दिवस टिकलाय भराव, अजून थोडे दिवस टिकेल.

काजलला हे आधीच सुचलं होतं, म्हणून तर तिला ते ऐकवेना. ती घरी आली. गजेंद्र ओसरीवर कुणाचा तरी मोबाईल दुरुस्त करत बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, वाट बंद होईल हेही सांगितलं. त्याने हातातला स्क्रू घट्ट केला.

"माह्या अंगावर आली ना ती गाडी," तो म्हणाला, "तिचा डावा लाईट महिनाभर बंद होता. गावातल्या चार जनाले माहीत होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राह्यले. वाईट मानसं नोहती ती, काजल. फक्त बोलली नाहीत."

त्याने तिच्याकडे न बघताच हातातला मोबाईल खाली ठेवला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

पण मोठ्यांना सांगून पटत नाही हे कळलं होतं. आता दाखवायला हवं होतं. युक्ती गोपालची. त्याच्या घरी गणपतीच्या मिरवणुकीतला उरलेला गुलाल होता, चांगली तीन किलोची पिशवी. जलपूजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, गोपाल आणि काजल वळणावर गेले आणि सौमित्र घड्याळ घेऊन बारवेच्या पायरीवर बसला. बरोबर आठ वाजता गोपालने लांब उभं राहून, फळीवरून, सगळा गुलाल भोवऱ्यात सोडला. लाल पाणी गरगरत खाली गेलं.

आठ वाजून बावीस मिनिटांनी बारवेच्या कालव्याकडच्या भिंतीतून एक गुलाबी धार निघाली आणि पाण्यावर पसरायला लागली.

मुलांच्या हिशेबात एक गोष्ट नव्हती. जनकाआजी उद्याच्या पूजेसाठी पायऱ्या झाडायला आली होती. तिने पाणी लाल होताना पाहिलं, हातातला झाडू टाकला आणि दोन्ही हात जोडले. देवीने कुंकू धाडलं, म्हणत ती गावाकडे निघाली, आणि म्हातारी इतकी झपझप चालू शकते हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. अर्ध्या तासात सारं गाव बारवेवर लोटलं. बायका पायऱ्या उतरायला लागल्या. हरिओमभाऊ नारळ घेऊन धावतच आले.

काजल भरावावरून खाली आली, हातात गुलालाची रिकामी पिशवी घेऊन.

"कोनी खाली उतरू नोका," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती सगळ्यांत वरच्या पायरीवर वाट अडवून उभी राहिली. "हे कुंकू नाही. गणपतीतला गुलाल आहे. आमी वरतं कालव्यात टाकला अन् तो अठी निंघाला. हे पानी कालव्याचं आहे. भराव आतून पोखरला. उद्या तुमी सगळ्या अठी बसान अन् तो फुटला, तं कोनी वर येनार नाही."

जनकाआजीचा चेहरा उतरला. हरिओमभाऊंचा आवाज चढला. कुणाची ही पोरगी, देवाधर्माची थट्टा करते, असं काहीसं ते बोलायला लागले. सौमित्रने वही उघडून पायऱ्यांच्या खुणा दाखवायचा प्रयत्न केला, पण ती बघायला कुणाला धीर नव्हता.

गर्दीतून कडूबा पुढे आला. त्याने काजलकडे पाहिलं. "तुले मालूम आहे ना, वाट बंद होईन?"

"हाव, बाबा."

शेजारच्या शेतातून त्याने पहार आणली, भरावावर चढला आणि पोटावर झोपून, लांबून, काजलने दाखवलेल्या जागी ती टेकवली. फारसा जोर लावावा लागला नाही. माणसाच्या छातीला लागेल एवढी लांब पहार मातीत गेली आणि त्याच्या हातातून सुटून दिसेनाशी झाली.

मग कुणी वाद घातला नाही. सौमित्रच्या वडिलांनी कालव्याच्या कचेरीत फोन केला, तासाभरात कालव्यात पाणी सोडणारं वरचं दार बंद झालं. हरिओमभाऊ स्वतः बारवेभोवती दोरी बांधत फिरत होते, त्यांचा सदरा घामाने भिजला होता. कालवा अर्धा उतरला होता, दुपारचे तीन वाजले असतील, तेव्हा वळणावरचा भराव बैलगाडीच्या लांबीएवढा खचला आणि उरलेल्या पाण्यासकट बारवेच्या पायऱ्यांवर आला. लोक लांब उभे होते. खालच्या सात पायऱ्या चिखलाने झाकल्या गेल्या. त्या पायऱ्यांवर उद्या कोण कोण बसणार होतं, हे ज्याने त्याने मनात मोजलं. जनकाआजी तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली.

रविवारी जलपूजन झालं नाही, ग्रामसभा झाली. हरिओमभाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं की मुरूम मी काढला, पोरांनी सांगितलं तेव्हा मी हसलो, चूक माझी आहे. असं बोलायलाही छाती लागते. त्यांनी तिघांच्या हातात एकेक नारळ ठेवला. जनकाआजीने काजलचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानशिलांवर बोटं मोडली. गोपाल खूश होता, कारण त्याचं नाव माइकवरून दोनदा घेतलं होतं.

काजलने नारळ घरी आणून देवापुढे ठेवला. चाचणीला आठ दिवस उरले होते. काठाच्या वाटेवर कचेरीने काटेरी तार लावली होती, दुरुस्ती उन्हाळ्यात होणार होती. आपण केलं ते बरोबर केलं हे तिला ठाऊक होतं, तरी बूट पलंगाखाली सारताना तिला रडू आवरलं नाही.

सोमवारी पहाटे तिला कुणीतरी हलवून उठवलं. कडूबा होता.

"बूट घाल," तो म्हणाला.

अंगणात मोटरसायकल उभी होती. मागच्या सीटवर गजेंद्र बसला होता, कुबडी आडवी धरून, गळ्यात शिट्टी अडकवून. तिघं गावाबाहेर आले. डांबरी रस्ता धुक्यात सरळ पुढे गेला होता. काजल रस्त्याच्या कडेला थांबली आणि तिने वडिलांकडे पाहिलं. कडूबाचे हात हँडलवर इतके घट्ट होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"पळ," तो म्हणाला. "तुह्या मांगं आमी दोघं हाओत."