नुसता चेहरा

तो आवाज मोठा नव्हता. झोपेत कूस बदलताना माणूस नाकातून श्वास सोडतो, तेवढाच. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण माझ्या उजव्या कानातून तो गेला नाही.

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग देतात, विभूती लावतात आणि मग माती लोटतात. माझी बायको नीलम्मा दोन दिवसांच्या तापानं गेली, असं सगळे म्हणाले. माती पडत गेली तशी आधी ती अख्खी दिसत होती. मग कमरेपासून वर. मग नुसता चेहरा. तेव्हा तो आवाज आला.

"अण्णा, थांबा... श्वास हाय," मी म्हणालो.

"पोटातलं वारं हाय ते," माझे थोरले भाऊ नागप्पा म्हणाले. "लोटा माती."

आणि मी गप्प बसलो. त्यांच्यावर जेवढा राग आहे, तेवढाच त्या गप्प बसण्यावर आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात नात सुकन्या लातूरच्या कॉलेजातून गावी आली. तिला मोबाइलवर छोटी फिल्म करून द्यायची होती. एक जागा, एक माणूस, तीन शॉट. जागा तिनं निवडली शेतातली तिच्या आजीची, नीलम्माची समाधी. माणूस म्हणून अण्णांना धरून आणलं, त्यांचा पटका फिल्ममध्ये उठून दिसेल म्हणून.

"मला हिरो करायलीस का गं?" अण्णा खूश होते.

"हिरोला बोलावं लागतंय, मोठे आज्जा. तुमी नुसतं गप बसायचं."

"ते मला जमतंय."

आणि ते सरळ समाधीच्या दगडावर मांडी घालून बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"उतरा अण्णा. तिच्या डोक्यावर बसलाव तुमी."

"दगड झिजतो व्हय रे? काढ गं पोरी."

सुकन्यानं मोबाइल स्टँडला लावला. "हा लाँग शॉट, आज्जा. माणूस अख्खा दिसला पाहिजे." दुपारचं ऊन, काळं रान, दगडावर अण्णा. सगळं ठीक होतं.

मग तिनं स्टँड पुढं सरकवला. "हा मिड शॉट. कमरेपासून वर."

पडद्यावर अण्णांच्या कमरेशी काळी माती होती. मी मान वर करून पाहिलं. अण्णा दगडावरच होते, गुडघे स्वच्छ दिसत होते. पुन्हा पडद्यावर पाहिलं. माती.

सुकन्यानं ओढणीनं काच पुसली. "आज्जा... खाली हे काय दिसायलंय?"

चार महिने पाऊस नव्हता, तरी ओल्या मातीचा वास आला. त्यात विभूतीचा. पोरीनं बोट मागं घेतलं. तिचा हात मी धरायला हवा होता.

"घे," मी म्हणालो. "तिसरा घे."

"क्लोजअप... नुसता चेहरा," ती पुटपुटली आणि स्टँड पुढं नेला.

माती हनुवटीपर्यंत आली होती. पडद्यावर अण्णांचं तोंड उघडं होतं. समोर बसलेल्या अण्णांचं मिटलेलं होतं.

"काय बघायलाव दोघं? भूत बघितल्यावानी!" म्हणत अण्णा उठले, चपला तशाच सोडून आमच्यामागं येऊन उभे राहिले आणि वाकून मोबाइलात बघू लागले.

समोर दगड रिकामा होता. पडद्यावर ते अजून बसलेले होते. ओठांपर्यंत माती. डोळे उघडे, आमच्याकडं लागलेले.

माझ्या उजव्या कानाशी अण्णांचा श्वास अडकला.

"अण्णा," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत माझा आवाज त्यांच्यावर कधी चढला नव्हता. "आज सांगा. ती जित्ती होती का न्हाई? तुमाला आवाज आलता का न्हाई?"

सुकन्या रडायला लागली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

"बोला की!"

त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, हातात धरला आणि तापलेल्या ढेकळांतून अनवाणी, गावाच्या उलट्या दिशेला चालत गेले.