निगारच्या सपाता

मे महिना लागला की तहसीन कप्तान नव्या खाड्या शोधायला निघायचा. जूनपासून त्याच्या बोटीवर प्रवासी येऊ लागतात, आणि अलीकडच्या प्रवाशांना एकच गोष्ट हवी असते: जिथे दुसरी बोट नाही असं पाणी. तुर्कस्तानातल्या बोझबुरुनच्या त्या दातेरी किनाऱ्यावर खाड्यांना तोटा नाही. एका डोंगराला वळसा घातला की दुसरी, बेटाच्या पाठीमागे तिसरी. पण चांगल्या खाड्या सगळ्याच कप्तानांना माहीत असतात, आणि हंगामात तिथे बाजार भरतो. म्हणून हंगामाआधी काही दिवस तहसीन किनारा धुंडाळायचा, आणि लग्न झाल्यापासून त्याची बायको सेवगुल सोबत असायची. स्वयंपाक ती करायची, नांगर ती सोडायची, शिडं शिवायची तीच. बोटीचं नाव मात्र 'निगार' होतं.

निगार ही त्याची पहिली बायको. सेवगुल या घरात येण्याच्या कितीतरी आधी एका सकाळी ती छोट्या होडीतून एकटीच रानओवा आणायला गेली. होडी सापडली, निगार सापडली नाही. सासू मरेपर्यंत एकच गोष्ट उगाळायची, "त्या दिवशी तिच्यामागे पाणी ओतायला घरात कुणी नव्हतं गं." त्या किनाऱ्यावर माणूस घराबाहेर पडला की त्याच्या पाठीमागे तांब्याभर पाणी ओततात. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये, असं म्हणतात. पाणी ओतलं की गेलेला माणूस परत येतो. सेवगुलच्या हाताला ही सवय आईकडून लागलेली. तहसीन साधा पाव आणायला निघाला तरी तिचा तांब्या उंबऱ्यावर तयार असायचा.

मेलेल्या सवतीशी भांडता येत नाही, हे सेवगुलचं खरं दुखणं होतं. ती म्हातारी होत नाही, तिचा भात करपत नाही, तिचं कधी डोकं दुखत नाही. दर वसंतात तहसीन बोटीवरचं ते नाव स्वतःच्या हाताने रंगवायचा, जिभेचं टोक दातात धरून, आणि सेवगुल खाली उभी राहून रंगाचा डबा धरायची. तिचा जळफळाट व्हायचा. डबा ती तरीही सरळ धरायची.

आणि त्या सपाता. बोटीवर कुणी पायताण घालून फिरत नाही. चढतानाच ते फळीजवळच्या वेताच्या टोपलीत टाकायचं. त्या टोपलीत तहसीनचे जोडे असत, सेवगुलचे निळे कापडी बूट असत, आणि तळाशी निगारच्या लाकडी सपाता. हमामात, सार्वजनिक न्हाणीघरात घालतात तशा, टाचेला झिजलेल्या. गावात कुणी वारलं की त्याचे जोडे दाराबाहेर ठेवतात, तोंड रस्त्याकडे करून. गरजवंताने उचलून न्यावेत. घरातून माणूस गेला, हे तेव्हा सगळ्या गल्लीला कळतं. निगारच्या सपाता कधी दाराबाहेर गेल्याच नाहीत.

"अरे, आता तरी ठेव की बाहेर," सेवगुल कधीतरी थट्टेवारी म्हणायची. "कुणा गरीब बाईचे पाय तरी झाकतील."

"तिला पाहिलंय कुणी मेलेलं?" एवढंच बोलून तहसीन दुसरीकडे बघायचा.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी दुपारी, एका उघड्याबोडक्या बेटाच्या मागून आत शिरल्यावर, लाल खडकांच्या मध्ये एक खाडी दिसली. तोंड इतकं अरुंद की समुद्रातून जाणाऱ्याला ती नुसती भेग वाटावी. आत पाणी हिरवंगार, थोडीशी पुळण, त्यावर पाण्याकडे झुकलेलं एक वाकडं ऑलिव्हचं झाड. पक्षी नव्हता. शेळीच्या गळ्यातली घंटाही ऐकू येत नव्हती, आणि त्या डोंगरांत शेळ्या नाहीत अशी जागा नाही.

"ही कुणाची?" सेवगुलने विचारलं. प्रत्येक खाडीत ती हेच विचारायची, आणि प्रत्येक वेळी उत्तर यायचं, 'ही आम्ही शोधलेली.' त्या 'आम्ही'त ती नसायची.

"कुणाचीच नाही," तहसीन म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "मीसुद्धा आज पहिल्यांदा बघतोय."

"शपथ घे."

"तुझ्या गळ्याची शपथ. घे, ही तुझी! सेवगुलची खाडी. प्रवाशांना हेच नाव सांगायचं."

सेवगुल लाजली. या वयात लाज वाटावी असं फारसं काही उरलं नव्हतं तिच्यात, तरी लाजली. नांगर टाकून बोटीची पाठ किनाऱ्याकडे वळवली, आणि दोराचं टोक खांद्यावर घेऊन तहसीनने पाण्यात उडी मारली. तिकडे असंच करतात. पुढे नांगर, मागे किनाऱ्यावरच्या झाडाला दोर, म्हणजे बोट रात्रभर हलत नाही. सेवगुल गाणं गुणगुणत वांगी चिरायला बसली.

तो पोहत परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"काय झालं?"

"काही नाही. त्या झाडाच्या बुंध्याला दोराचा जुना वण आहे."

"असेल कुणी मासेमार."

"असेल." तो ओल्या अंगाने तसाच बसला. मग, न विचारताच म्हणाला, "निगार सांगायची. तिने एकटीने एक खाडी शोधली होती. लाल खडक, वाकडं झाड. मला दाखवणार होती ती... राहूनच गेलं."

सेवगुलने सुरी खाली ठेवली. ही एक खाडी, एवढ्या मोठ्या किनाऱ्यावरची ही एवढीशी जागा, तीसुद्धा त्या बाईने आधीच घेऊन ठेवली होती! तिला रडू नाही आलं. छातीत आग आग झाली.

"वर झरा आहे का बघून येतो," तहसीन म्हणाला आणि बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडीत उतरला. सेवगुलने तांब्या उचलला, सवयीने त्याच्यामागे पाणी ओतलं. तो पुळणीवर उतरला, झुडपांतून वर चढताना दिसला, मग दिसेनासा झाला.

तिने टोपलीत हात घातला. सपाता वर काढल्या. त्यांना लवंगेचा वास होता. निगारला तोंडात लवंग धरायची खोड होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांनी लाकडाला तो वास कसा राहतो, हे सेवगुलच्या मनात आलं नाही. तिच्या मनात तेव्हा एकच होतं.

"जा एकदाची," ती म्हणाली. "तुझी खाडी, तू घे. माझा नवरा सोड."

आणि दोन्ही सपाता पाण्यात फेकल्या. त्या बुडाल्या नाहीत, तरंगत राहिल्या. काहीतरी आपल्यापासून दूर निघालं आहे, एवढंच तिच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि हाताने त्याचं नेहमीचं काम केलं. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्यामागे ओतलं गेलं. ओठही हलले.

"पाण्यासारखी जा, पाण्यासारखी..."

पुढचा शब्द तिने दाताखाली दाबला. पण पाणी ओतून झालं होतं.

वारा डोंगरावरून समुद्राकडे वाहत होता. सपाता मात्र किनाऱ्याकडे चालल्या होत्या. एक पुढे व्हायची, थांबायची, मग दुसरी पुढे व्हायची. सेवगुल कठड्याला धरून बघत राहिली. झाडाच्या सावलीत गेल्यावर त्या दिसल्या नाहीत. लाट असेल, ती स्वतःशी म्हणाली. त्या खाडीत लाट नव्हती.

तहसीन आला तेव्हा ऊन बेटाच्या मागे गेलं होतं. त्याच्या हातात रानओव्याची जुडी होती.

"भातात लवंग घातलीस?"

"नाही."

"वास येतोय." तो जेवायला बसला, पण घास हातातच राहिला. "मघाशी वर कशाला आली होतीस?"

"कुठे वर?"

"झऱ्यापाशी. माझ्या मागे खडकावर सपाता वाजत होत्या. म्हटलं, आली असेल हट्टी बाई माझ्यावर पाळत ठेवायला. वळून बघितलं तर..."

"तर काय?"

तो टोपलीकडे बघत होता. "सेवगुल, तिच्या सपाता कुठे आहेत?"

"मला काय विचारतोस? तुझ्या लाडकीला विचार."

तेवढ्यात किनाऱ्यावरून आवाज आला. टक. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक, टक. सपाट खडकावरून कुणीतरी सावकाश चालत होतं. उजेड इतका सरला होता की पुळण नुसती फिकट पट्टी दिसत होती आणि झाड काळं. बांधलेला दोर पाण्यातून वर उचलला गेला, ताठ झाला, थेंब गळू लागले. बोट हळूच किनाऱ्याकडे ओढली गेली.

सेवगुल कठड्यापासून मागे सरली. "इंजिन चालू कर. दोर काप आणि चल."

"नवा दोर आहे. सोडून आणतो."

तो खाली गेला. वर आला तेव्हा त्याने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. केस ओले करून विंचरले होते.

"दोर सोडायला धुतलेला सदरा लागतो?" सेवगुलचा आवाज चिरकला. भीती होतीच, पण त्या भीतीच्याही वर काहीतरी उसळून आलं. "माझ्याशी निकाह लावतानासुद्धा कुणीतरी कंगवा हातात द्यावा लागला होता तुला!"

"आलोच..." तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

होडी निघाली. तांब्या भरलेला होता, सेवगुलच्या हातातच होता. हात आपोआप पुढे झाला. तिने तो मागे खेचला. जा तिच्याकडे, जा, ती मनात म्हणाली, आणि भरलेला तांब्या पोटाशी घट्ट धरून उभी राहिली. वल्ह्यांचा आवाज थांबला. होडी वाळूला घासल्याचा आवाज आला. मग कुणीतरी हलक्या आवाजात काही बोललं, आणि तहसीन हसला. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो असा हसलेला तिने ऐकला नव्हता.

मग दोर सैल झाला आणि त्याचं सोडलेलं टोक पाण्यावर आपटलं.

तिने हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. तांब्या पुरा रिकामा केला, पुन्हा भरला, पुन्हा रिकामा केला. पण निघून गेलेल्याच्या मागे पाणी ओतायची वेळ एकदाच येते.

सकाळी एका मासेमाराने तिला गावी आणलं. ती अनवाणीच उतरली. टोपलीत तहसीनचे जोडे होते, तिचे निळे बूट नव्हते. त्यांचा विचार करायची ती वेळ नव्हती. तटरक्षकांनी आणि गावच्या बोटींनी ती खाडी, ते बेट, सगळा डोंगर पालथा घातला. होडी पुळणीवर होती, वल्ही नीट आत ठेवलेली. माणसाचा मागमूस नव्हता. त्यानंतर कप्तानांनी त्या जागेला नाव दिलं, सेवगुलची खाडी. तिथे कुणी नांगर टाकत नाही.

उन्हाळा सरला. सेवगुलने घराबाहेर पडणं सोडलं. तहसीनचे जोडे मात्र तिने दाराबाहेर ठेवले नाहीत. ते तिने उशाशी ठेवले. कुणी समजूत घालायला आलं तर ती तोच प्रश्न विचारायची, "त्याला पाहिलंय कुणी मेलेलं?" आपण हे कुणाचे शब्द बोलतो आहोत, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाही तिला राग यायचा. कधी कधी ओटीवर पाण्याचे ओघळ असत. कधी शेजारची पाकिझे आत्या भिंतीपलीकडून म्हणायची, "बरं झालं बाई, घरात चालतीफिरती झालीस. तुझ्या सपाता ऐकू येतात हल्ली." सेवगुल घरात अनवाणी असायची.

शरदातल्या एका सकाळी, डाळिंबं फुटू लागली होती तेव्हा, तिने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर तिचे निळे कापडी बूट ठेवले होते. ओले, टाचांना लाल वाळू चिकटलेली. नीट जोडीने ठेवले होते, तोंड रस्त्याकडे करून.

ती तिथेच उभी राहिली. गल्लीतून पाकिझे आत्या दुधाचं भांडं घेऊन येत होती. बूट पाहून तिने भांडं खाली ठेवलं, ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि पायरीपर्यंत आली.

"आत्या, हे कुणी ठेवले?" सेवगुलने विचारलं.

आत्याची नजर सेवगुलच्या खांद्यावरून पलीकडे, घराच्या आत गेली होती.

"कधी गेली गं बिचारी?" आत्याने आतल्या कुणाला तरी हळूच विचारलं.

सेवगुलने मागे वळून पाहिलं नाही. फरशीवर टक टक असा आवाज झाला, आणि लवंगेचा वास तिच्या मानेपाशी येऊन थांबला.