पॅसेजमधला प्लग

मोबाईल खाली ठेवा सगळे. साकेत, तू पण. ही गोष्ट रघुची. कल्याणच्या ज्या हॉस्पिटलात मी ऑफिसात कामाला होतो, तिथला हा वायरमन. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, अजून चालू आहे.

मे महिन्याची सतरा तारीख, शनिवार. दुपारी रघु ऑक्सिजनचं जुनं मशीन रिक्षात घालून शहाडला घरी निघाला. त्याची बायको मालन. फुप्फुसं पार गेलेली, रात्रंदिवस मशीन लागणार होतं. आणि आमच्याकडे सरकारी मदतीतून कमी वीज खाणारी नवीन मशीनं आलेली, जुनी भंगारात चाललेली. मी म्हटलं, "रघु, दुसरं कुठलंही ने. हे नको नेऊस रे."

"मशीन आहे ते, काका. त्याला काय कळतंय?"

मी का म्हटलं, ते ऐका.

ती मदत मिळाली एका अटीवर. संध्याकाळी गावभर विजेची मागणी चढते, तेव्हा हॉस्पिटलने आपला वापर ठरलेल्या रेषेखाली ठेवायचा. एप्रिलमध्ये तपासणीला साहेब आले. केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसले. एसी बंद केले, एक लिफ्ट बंद केली, तरी आकडा रेषेच्या जरासा वरच. मॅनेजरला घाम फुटला. अजून काहीतरी बंद कर, असं त्यानं रघुला डोळ्यांनीच खुणावलं.

वॉर्ड भरलेला म्हणून बाहेर पॅसेजमध्ये खाट टाकलेली. तिच्यावर तुळसाबाई, नाकात ह्याच मशीनची नळी. रघु प्लगकडे वाकला तसा तिनं त्याचा हात धरला. "दादा, हे नको रे बंद करू."

"पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे, मावशी," असं म्हणून त्यानं रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी प्लग काढला. हे त्यानंच मला मागाहून सांगितलं.

आकडा उतरला. केबिनमध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, सांगायला लाज वाटते. आठ पंचवीसला रघुनं प्लग परत लावला. मशीन सुरू झालं. बाई गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी रघुनं भिंतीतला तो प्लग उखडला, वायरी कापल्या आणि भोकात सिमेंट भरलं. मी तिथंच उभा होतो.

तर शहाड. संध्याकाळी मालनला मशीन लावलं. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. चहा मागितला तिनं.

आठ दहाला मशीन थांबलं.

घरात लाईट होती. पंखा फिरत होता. फक्त मशीन...

रघुनं प्लग बदलला. नाही. स्वयंपाकघरात लावून पाहिलं. नाही. शेजारच्या प्रफुल्लकडून वायर ओढली. प्रफुल्लचा मिक्सर त्या वायरवर फिरला. मशीन नाही. बोलावलेली ॲम्ब्युलन्स पुलावर अडकलेली.

मालनचे ओठ निळे पडले. नखं निळी. तिनं त्याचा हात धरला.

"अहो... सुरू करा ना..."

"करतो गं... करतो..."

मग तिचं तोंड मिटलं. मिटलेलंच होतं. तरी खोलीत कुणीतरी बोललं. हळू. समजूत घातल्यासारखं.

"पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे, दादा."

...

आठ पंचवीसला मशीन आपोआप सुरू झालं. रात्रभर झकास चाललं. मेलेल्या बाईच्या नाकात हवा सोडत राहिलं. रघु कुणाला ते बंद करू देईना.

पायल, इकडे सरक. संपलं नाही अजून.

दुसऱ्या दिवशी रघु स्मशानात असताना मॅनेजरचा फोन. काल रेषा ओलांडली, मदतीचा पुढचा हप्ता अडकणार, पॅसेजमध्ये काय लावून ठेवलंस? बायको जळत होती आणि हा विचारत होता.

मी विजेच्या वापराचा आलेख छापून घेतला. हा बघा. टॉर्च मार, साकेत. त्या प्लगची रेघ त्यात वेगळी दिसते. महिनाभर सपाट शून्य. मग सतरा तारीख. आठ दहाला चढली... आठ पंचवीसला उतरली. एका ऑक्सिजन मशीनला लागते तेवढीच वीज.

मी लगेच पॅसेजमध्ये जाऊन पाहिलं. भिंतीतलं सिमेंट जसंच्या तसं होतं.