दानिलोची जागा

दुपारचं जेवण झाल्यावर एल्सिरा डबा घेऊन निघाली. दुधाच्या पावडरीचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि गळ. या किनाऱ्यावर ज्याच्याकडे होडी नाही तो असाच मासे धरतो. खडकावर उभं राहायचं, शिसं डोक्याभोवती फिरवायचं आणि सोडून द्यायचं. डबा दानिलोचा होता, त्याच्या दोन डब्यांपैकी घरी राहिलेला.

दानिलो तिचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी लाटेनं त्याला खडकावरून ओढून नेलं, आणि हाती काहीच लागलं नाही. एल्सिरा तेव्हा आत, द्राक्षमळ्यांच्या गावात राहायची. सुट्टीला घरी आला की तो तिच्या विणकामातली लाल लोकर मागून न्यायचा. गळाला आमिष त्याच लोकरीनं बांधायचं, तीन वेढे देऊन, हा त्याचा हट्ट.

ती इथं किल्मोला त्याच्या खोलीवर राहायला आली ती एका कामासाठी. अवचित गेलेल्या माणसाला जिथं जीव गेला तिथंच एक छोटं घर बांधून द्यावं लागतं, गुडघाभर उंचीचं, पत्र्याच्या छपराचं, आत मेणबत्ती. नाहीतर जीव ताटकळत राहतो. दानिलो जिथून गेला असं सगळे सांगत होते त्या सीलखडकावर तिनं ते बांधलं, निळा रंगही दिला. पण मेणबत्ती काही टिकेना. काच लावली, दार वाऱ्याच्या उलट्या दिशेला केलं, तरी एल्सिरा चार पावलं गेली की विझलेली.

तिथं बसून बसून ती मासे धरायला शिकली. आधी वेळ जावा म्हणून, मग गोडी लागली म्हणून, आणि त्या गोडीची तिला लाज वाटायची. पाणी कुठं काळं दिसतं, फेस कुठं रेंगाळतो, पक्षी कुठं सूर मारतात हे बघत तिनं एक-दोन जागा स्वतःच्या हुडकल्या होत्या.

वाटेत नोलास्कोची आमिषाची टपरी होती. म्हातारा बाकावर बसून वाळूतले खेकडे निवडत होता.

"आज कुठं स्वारी, शेजारीणबाई?"

"चर्चच्या खाली," ती म्हणाली. जायचं होतं बरोबर उलट्या बाजूला.

नोलास्को हसला. "चर्चच्या खाली तर गेल्या वर्षीपासून गटार सुटलंय. झालात तुम्ही इथल्या. चाळीस वर्षं खेकडे विकतोय, एकानं मला खरी जागा सांगितली असेल तर शपथ. सख्खा भाऊसुद्धा थापा मारतो."

एल्सिराही हसली. मग तिनं डबा खाली ठेवला.

"नोलास्को... त्या दिवशी दानिलो सीलखडकावर गेला, हे कुणी सांगितलं होतं?"

"त्यानंच. खेकडे घेताना मी विचारलं, तो म्हणाला..." म्हाताऱ्याचा हात थांबला. "देवा. मी पोलिसांना तेच सांगितलं. तीन दिवस सगळे तिथंच शोधत होते."

"काय काय घेतलं होतं त्यानं?"

"मोठे गळ. आणि हेच खेकडे. म्हणजे कोर्विना मासा धरायचा असणार. सीलखडकाला कोर्विना कुठली यायला, बाई? तिला वाळू लागते. खडक संपून वाळू सुरू होते तिथं..." त्यानं मनगटानं डोळे पुसले. "मला त्याच दिवशी कळायला हवं होतं."

त्यानं खेकड्यांची पुडी बांधून तिच्या पिशवीत टाकली. मान वर केली नाही.

खडक संपतात ते ओढ्याच्या पलीकडे, तासाभराच्या चालीवर. ती पोचेपर्यंत समुद्रावरून धुकं आलं. शेवटच्या खडकावर चढली तेव्हा स्वतःची पावलंही तिला नीट दिसत नव्हती. शेवाळाचा, कुजक्या शिंपल्यांचा वास होता. लाटा जवळ असून त्यांचा आवाज लांबून येत होता.

मग तिला ऐकू आलं. सूं... सूं... शिसं फिरत होतं. दोरी सुटल्याची शीळ आली. शिसं पाण्यात पडल्याचा आवाज मात्र आलाच नाही.

पाच-सात पावलांवर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. लोकरी टोपी कानांवर ओढलेली.

खडकावर भेटलेला कुणीही जे विचारतो, तेवढंच तिनं विचारलं.

"मिळतंय का काही...?"

"छे, मावशी." मान वळली नाही. "इथं काही नाही. पुढच्या खडकावर बघा... तिथं भरपूर आहेत."

आवाज दानिलोचा होता. घोगरा, सर्दी झाल्यासारखा, पण त्याचाच. इथली पोरं कुठल्याही वयस्क बाईला मावशी म्हणतात. त्यानं तिला तसंच म्हटलं होतं, परक्या बाईला म्हणतात तसं. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

पुढं खडक नव्हता, हाच शेवटचा. तरीही धुक्यात समोर काहीतरी काळं, रुंद, एका पावलावर दिसत होतं... एल्सिराचा पाय उचलला गेला. आणि तेव्हाच तिला कळलं की तो थाप मारतोय. म्हणजे जागा हीच.

उचललेला पाय मागं घेत ती खाली बसली. "बरं, बाळा," ती म्हणाली. "बघते हं."

धुकं विरलं तेव्हा खडकावर ती एकटीच होती. समोर नुसतं खोल पाणी. कपारीत तिनं पिशवीतली मेणबत्ती लावली आणि उघड्या वाऱ्यात ती सरळ जळत राहिली. निळं घर इथं आणलं की जागा गावभर होणार, आणि ती तर त्यानं जीव गेला तरी कुणाला सांगितली नव्हती. घर राहू दे तिकडंच, तिनं ठरवलं. मेणबत्ती ती रोज इथं आणणार होती. मग ती पोटभर रडली.

परतताना नोलास्को टपरीच्या दारातच उभा होता.

"सापडली?"

"नाही," एल्सिरा म्हणाली. "तिकडं काही नाही."

म्हातारा तिच्या हातातल्या डब्याकडे बघत होता. खेकड्यांची पुडी पिशवीत तशीच होती, त्यानं मारलेल्या गाठीसकट. आणि गळाला खेकडा लावलेला होता, लाल लोकरीच्या धाग्यानं, तीन वेढे देऊन. धाग्यातून अजून पाणी टपकत होतं.