दोन संस्था, एक खुर्ची

टेबल-टेनिसचं टेबल जिन्यात अडकलं. वरचं टोक धरणारा रखवालदार पाना आणायला म्हणून गेला तो गेलाच, आणि खालचं टोक पोटाशी कवटाळून ती एकटीच उभी राहिली. ना पुढे, ना मागे!

"सोडू नका हं... मी धरतो."

मागून कुणीतरी आलं, आणि ओझं एकदम निम्मं झालं. भिजलेला शर्ट, कपाळावर पावसाचे थेंब, आणि डोळ्यांत उगाचच हसू.

"उद्यापासून इथे दोन संस्थांचा एकत्र संसार," ती धापा टाकत म्हणाली. "आमची मुलं आणि पुलापलीकडची मुलं. त्यांचे प्रमुख म्हणे भारी शिस्तीचे. चेहरा सदा एरंडेल प्यायल्यासारखा!"

"असतोच तसा," तो गंभीरपणे म्हणाला. "रोज आरशात बघतो ना मी."

तिला जिना दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तरुण मुलांसाठी झटणाऱ्या त्या दोन लहान संस्था. ती नाटक शिकवायची, शाळा सुटलेल्या मुलींना पुन्हा अभ्यासाला बसवायची. तो फुटबॉल आणि इंजिनदुरुस्तीचा वर्ग चालवायचा. विश्वस्तांनी दोन्ही एकत्र केल्या खऱ्या, पण प्रमुखाची खुर्ची एकच! वर्षअखेरीस ती कुणाला द्यायची ते ठरणार होतं. तोवर दोघांनी मिळून कारभार बघायचा.

सुरुवातीला रोज खटके उडायचे. मग एक दिवस एका मुलीचे वडील तिला इंजिनच्या वर्गातून ओढून न्यायला आले. ही पदर खोचून भांडायला निघाली, तर त्याने त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना आत नेलं. "हे बघा, सुरू करा," तो म्हणाला. इंजिन धडधडलं. "तुमच्या लेकीनं जोडलंय." वडील बराच वेळ त्या इंजिनकडे बघत राहिले, आणि मग एकटेच घरी गेले.

ती मात्र त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान वर केली तशी तिने घाईघाईने खिडकी लावली. खरं तर ती लावलेलीच होती.

मुलं तिला ताई म्हणत, त्याला दादा. सगळ्यांचा दादा तो, पण तिच्या जिभेवर तो शब्द काही केल्या चढेना.

"तुम्ही मला हाकच मारत नाही," तो एकदा म्हणाला.

"मारते की. आत्ताच नाही का म्हटलं... अहो, किल्ली द्या."

"अहो?" त्याने भुवई उंचावली.

कोपऱ्यातल्या मुली फिस्सकन हसल्या, आणि तिचे कान लाल झाले.

निवड तोंडावर आली. विश्वस्तांच्या अध्यक्षकाकूंनी तिला बोलावून सांगितलं, "त्यानं नाव मागे घेतलंय. तूच प्रमुख."

ती तडक मैदानावर गेली. "मला उपकाराची खुर्ची नको! मुलांना आपण काय शिकवतो? समोरचा मुद्दाम हरला तर त्याला जिंकणं म्हणतात?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडेल..."

"मला तुम्ही समोर उभे राहिलेले आवडाल."

बोलून गेली, आणि मग जीभ चावली.

तो पुन्हा निवडीला उभा राहिला. विश्वस्तांपुढच्या मुलाखतीत असा जीव ओतून बोलला, की बाहेर बसलेल्या तिचाच धीर सुटला. पण मग ती आत गेली, आपल्या मुलींबद्दल बोलू लागली आणि भीती विसरली. निवड तिचीच झाली.

संध्याकाळी तो कार्यालयाच्या दारात आला. "अभिनंदन, साहेब. मी सोमवारपासून तंत्रशाळेत शिकवायला जातोय. फुटबॉलला येईनच रोज, हौस म्हणून."

तिचा चेहरा उतरला. "हरलात म्हणून पळताय?"

"छे हो. तुम्ही चोख जिंकलात." तो चौकटीशी चाळा करत राहिला. "पण... आपल्याच साहेबांच्या प्रेमात पडलेला माणूस कार्यालयात बरा दिसत नाही. म्हणून आधी नोकरी सोडली. आता पुढचं... विचारायचं होतं."

बाहेर रिमझिम सुरू होती. तिने खुर्ची पुढे सरकवली.

"सोमवारपर्यंत साहेब मीच ना? मग हुकूम आहे... बसा."

तो मुकाट बसला. "आणि सोमवारपासून?"

"सोमवारपासून हुकूम नाही." तिने नजर खाली वळवली, आणि हसू काही तिला लपवता आलं नाही. "सोमवारी तू विचार... मी हो म्हणते."