नसलेल्या गायीचं शिंग

"डोळ्याला कधी मार लागला होता का, बाई?"

डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड डाव्या डोळ्यावर धरून अगदी सहज विचारलं आणि पंचफुलाची नजर दाराकडे गेली! अकरा वर्षं... तब्बल अकरा वर्षं जो प्रश्न ती पदराआड चुकवत आली होती, तो आज या लातूरच्या दवाखान्यात असा अचानक समोर उभा राहावा, आणि तोही नेमका धाकटा भाऊ साहेबराव संमतीच्या कागदावर सही करून दारात थांबलेला असताना!

"गायीचं शिंग लागलं व्हतं साहेब," ती घाईघाईनं बोलून गेली. "लई वर्सं झाली. ल्हान व्हते मी."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असलं काहीतरी बोलून बसतं. डॉक्टरांनी बॅटरी बंद केली, पण मान काही डोलावली नाही. "शिंगाची जखम अशी नसते. बुबुळावर बारीक वण आहे, काहीतरी टोकदार उडून लागलंय. म्हणून तर छत्तिसाव्या वर्षी मोतीबिंदू झाला, आणि आता पिकून ठणकायला लागला. हे बघा, काढल्यावर स्पष्ट दिसेलच असं मी सांगत नाही. उजेड येईल, रंग येतील. तेवढं नक्की."

पंचफुलाचं त्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. आपल्या धड उजव्या डोळ्यानं ती दाराकडे बघत होती. साहेबराव पेन खिशाला लावायचं विसरून तसाच उभा होता. क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, कागद नर्सच्या हातात दिला आणि निघून गेला. दीड वर्षानं भावाचं तोंड बघितलं होतं, आणि तो अक्षरही न बोलता गेला!

खरं तर त्याला बोलवायचंच नव्हतं तिला. मुरुडजवळच्या आपल्या गावाहून ती शेजारच्या नागुबाईला सोबत घेऊन एसटीनं आली होती. पण दवाखान्यात नातेवाइकाची सही मागितली, आणि नागुबाई कसली ऐकते! ती तडक कलेक्टर कचेरीत गेली आणि साहेबरावाला टेबलावरून उठवून घेऊन आली. लातूरचा जिल्हा होऊन दीड वर्ष झालं होतं, कचेरीतल्या पाट्यांचा रंग अजून कोरा होता, आणि त्या पाट्यांखाली आपला भाऊ बाबू म्हणून बसतो, या विचारानं एवढ्या दुराव्यातही पंचफुलाचा ऊर भरून यायचा.

आई गेली तेव्हा हा साहेबराव दहा वर्षांचा होता. आईनं त्याचा हात हिच्या हातात दिला आणि डोळे मिटले... पुढे लोह्याचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिपाई होता, निर्व्यसनी होता. पण "भावाला संगं आणता येणार न्हाई," असं त्या लोकांनी सांगितलं आणि पंचफुलानं सुपारी परत केली. त्या रात्री ती रडली की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक!

मग तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, शिवार करपलं, आणि सगळं गाव दुष्काळी कामावर रस्त्यासाठी खडी फोडायला बसलं. मिळेल ती परदेशी लाल मिलो ज्वारी शिजवायची आणि दिवसभर हातोडी मारायची. साहेबरावाला तिनं कामावर येऊ दिलं नव्हतं. त्यानं शिकायचं, एवढाच तिचा हट्ट. पण उन्हाळ्याची सुटी लागली आणि चौदा वर्षांचं ते पोर ऐकेना. "आक्का, तू एकली किती फोडशील?" म्हणत तिच्या शेजारी येऊन बसलं. वैशाखाची दुपार होती. पांढरे दगड, पांढरं आभाळ... साहेबरावानं जोर दाखवायला दोन्ही हातांनी हातोडी उचलली, दाणकन मारली, आणि एक कपची सुटून सरळ तिच्या डाव्या डोळ्यात शिरली.

ती एकदाच ओरडली. "काय झालं गं आक्का?" असं त्यानं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा असा काही पांढरा पडला होता की त्या असह्य वेदनेतही तिनं पुढचं ओरडणं गिळून टाकलं. या पोराला तिनंच वाढवलं होतं. आईच्या आठवणीची घागर त्याच्या हातून फुटली होती, तेव्हा दोन दिवस त्यानं अन्न घेतलं नव्हतं! आता जर त्याला कळलं, की आपल्या हातानं आक्काचा डोळा गेला... तो पुन्हा त्या हातात पेन धरील का?

"कचरा गेला रं," ती म्हणाली. "तू फोड."

डोळा लगेच गेला नाही. वर्षांमागून वर्षं हळूहळू धूसर होत गेला. साहेबराव नांदेडला शिकायला गेला, तिकडच्याच एका शिक्षकाची मुलगी यशोधरा त्याला मिळाली, नोकरी लागली. पंचफुला कुणासमोरही बसली की पदर डावीकडून पुढे ओढून घ्यायची, आणि कुणाला काही कळलं नाही.

पण दैवाला हेही बघवलं नाही! नवा जिल्हा झाला त्याच महिन्यात साहेबरावाच्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पंचफुला नवं लुगडं नेसून, मनात नाव घोळवत आली. बुद्धवंदना झाली, बायका जमल्या, आणि त्या गर्दीत यशोधरेनं बाळ तिच्याकडे केलं... डावीकडून. पंचफुलाला काहीच दिसलं नाही. उजवीकडून कुणी हाक मारली म्हणून ती वळली आणि चालत बाजूला गेली! भरल्या घरात आत्यानं बाळाकडे पाठ फिरवली! यशोधरा हात पुढे करून तशीच उभी राहिली. तिच्या माहेरच्या बायका कुजबुजल्या. साहेबराव सगळ्यांदेखत म्हणाला, "आक्का, लेक झाली म्हणून तोंड फिरवायचं असंल तर आलीस कशाला?"

एकच वाक्य बोलायचं होतं तिला. मला त्या डोळ्यानं दिसत नाही रे! पण पुढचा प्रश्न आलाच असता, कशानं गेला, कधी गेला... तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्याच पावली गावची एसटी धरली. भाऊ गेला तरी चालेल, पण भावाच्या मनावर ते ओझं नको, असा तिनं स्वतःशीच निवाडा केला होता. आणि आज दोन्ही एकदम हातचं जातंय की काय, असं तिला वाटायला लागलं.

ऑपरेशन झालं. डोळ्याशेजारी सुई टोचली, तोंडावर कापड आलं, डॉक्टर "हलायचं नाही" म्हणाले, आणि नंतर एक दुधाळ उजेड तिच्यावरून वाहत गेला, एवढंच तिला आठवत होतं. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि नर्सबाईंची ताकीद : खोकायचं नाही, चावून खायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. टाके सुटतील.

पट्टीखाली अंधार असेल असं तिला वाटलं होतं, पण तिथं तर रंगच रंग तरंगत होते! हळदीचा पिवळा, निळीचा निळा... जाग आणि झोप यांतला बांधच फुटला होता. तिला दुष्काळात त्यांनीच केलेला तो रस्ता दिसायचा. त्यावर ती अनवाणी चालायची आणि खडी पायाला मऊ लागायची. वाटेत आई भेटायची, काही न बोलता घागरीतलं पाणी ओंजळीत घालायची. पुढे लिंबाला पाळणा टांगलेला असायचा. कुणीतरी डाव्या अंगानं काहीतरी पुढे करतंय, हे कळायचं, तिकडे वळावंसं वाटायचं, पण मान हलायची नाही... ती दचकून जागी व्हायची, तर डोक्याशी वाळूची पिशवी.

"आ करा."

हा आवाज मात्र स्वप्नातला नव्हता. यशोधरा चमच्यानं पेज भरवत होती. नागुबाई गावी परतल्यापासून तीच सकाळ-संध्याकाळ यायची. दोन दिवसांत ती फक्त दोनच गोष्टी बोलली होती, "आ करा" आणि "झालं?" पण पेज कधी कढत नसायची, कधी गार नसायची, आणि तोंड पुसताना हात पट्टीला लागणार नाही याची ती फार जपून काळजी घ्यायची. पंचफुला मनात म्हणायची, राग आहे बाईच्या पोटात, पण हात किती मायेचा आहे! त्या हातांनी पुढे केलेलं लेकरू मी झिडकारलं, असंच ही जन्मभर समजणार...

तिसऱ्या दिवशी दुपारी पावलं वाजली. यशोधरेची नव्हती. पंचफुलानं ती ओळखली. लहानपणापासून टाच घासत चालायची त्याची खोड होती. स्टूल सरकलं.

"आक्का..."

"हं."

"आपल्याकडं गाय कवा व्हती गं?"

गाय! त्यांच्या घरी कधी शेळीसुद्धा नव्हती. पंचफुलानं ओठांवरून जीभ फिरवली. "लोकाची व्हती... तू ल्हान व्हतास, तुला काय ठावं..."

"बास कर आक्का!" त्याचा आवाज फाटला. कचेरीतला बाबू कुठल्या कुठे गेला आणि खडीच्या ढिगाशेजारचं ते चौदा वर्षांचं पोर बोलायला लागलं. "कपची माझ्या हातोडीखालून उडाली व्हती. मला दिसली व्हती! तू वरडलीस ते बी आयकलं व्हतं. तू कचरा म्हणलीस आन् मला तेच खरं पायजे व्हतं, म्हणून पुन्यांदा इचारलं न्हाई. नांदेडहून सुटीला येत नव्हतो, तुला वाटायचं अभ्यास हाय... तू डावीकडून पदर वढून बसायचीस, ते मला बघवत नव्हतं गं! आन् बारशाच्या दिशी तुझा राग आला, तर आतून बरं वाटलं मला. आक्काबी चुकती म्हणल्यावर मी सुटलो, असं वाटलं! कसला भाऊ हाय मी!"

दाराशी भांडं खाली पडलं. पेज फरशीवर पसरली. यशोधरा केव्हाची तिथं उभी होती.

"डावीकडून..." ती पुटपुटली. "बाळ मी डावीकडून धरलं होतं. आक्का, तुमाला दिसलंच नव्हतं? दीड वर्ष मी तुमाला काय काय बोलले असेन मनात! एका शब्दानं सांगायचं तरी!"

"काय सांगणार व्हते गं पोरी," पंचफुला हळूच म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर याला कळलं असतं."

हुंदका वर चढला... आणि पट्टीखाली डोळे ओलावताहेत हे तिला जाणवलं. तिनं दोन्ही मुठींत चादर गच्च धरली, श्वास रोखला. मग चाचपडत भावाचा हात शोधला. तोच हात! केवढा मोठा झाला होता, बोटाला शाईचा डाग असेल, तिला दिसत नव्हता.

"सायब्या, मला डॉक्टरनं रडायचं न्हाई म्हणलंय रं. टाके सुटतेत. माझ्या वाटचं बी तूच रड."

आणि तो सरकारी नोकर, आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत असताना, बहिणीच्या हातावर कपाळ टेकवून ओक्साबोक्शी रडला. त्याच्या आसवांनी तिचा तळहात भिजला. ती छताकडे तोंड करून निश्चल पडून राहिली, आणि पट्टीखाली सगळे रंग एकमेकांत मिसळून गेले.

सहाव्या दिवशी पट्टी सुटली. उजव्या डोळ्यानं खोली ओळखीची दिसली. डावीकडे मात्र धुकं होतं, पण पांढरं, उजळ धुकं! त्यात खिडकीचा चौकोन होता. नर्सबाईंचा पदर हलत होता. तिनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि नुसती त्या धुक्यात बघत राहिली. कडा कुठेच नव्हत्या, सगळं स्वप्नातल्यासारखं विरघळलेलं... पण होतं! इतकी वर्षं तिच्या डाव्या अंगाला जग नव्हतं, ते परत आलं होतं.

तेवढ्यात त्या धुक्यात खाली, जमिनीलगत, एक लाल ठिपका हलला. थांबला. पुन्हा डुलत पुढे आला. पंचफुला तिकडे वळली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

"ये माय, ये!"

लाल झबलं घातलेली दीड वर्षांची पोर तिच्या खाटेला येऊन धडकली. मागे यशोधरा उभी होती. या खेपेला तिनं जाणूनबुजून लेकराला डाव्या बाजूनंच सोडलं होतं.

"आक्का, तुमी गेलात तेव्हा पाळणा तसाच उचलून ठेवला," ती म्हणाली. "माझी आई म्हणाली, मावशीनं ठेवू दे नाव. मीच नको म्हणाले. रागात होते, पण मान तुमचा होता. आम्ही नुसतं छकुली म्हणतो."

पंचफुला वाकायला गेली. "वाकायचं नाही!" नर्सबाई ओरडल्या. तेव्हा साहेबरावानं लेकीला दोन्ही हातांनी उचललं आणि बहिणीच्या तोंडाशी नेलं. दीड वर्ष ती जे नाव मनातल्या मनात जपत होती, ते तिनं त्या इवल्या कानात सांगितलं. "संघमित्रा... संघमित्रा..." पोरीला गुदगुल्या झाल्या. तिनं खुदकन हसून आत्याच्या नाकाला धरलं.

डाव्या डोळ्यातून पाण्याचा एक थेंब ओघळला. यशोधरा घाबरून कापसाचा बोळा घेऊन पुढे आली. "आक्का, नका ना रडू! डॉक्टर काय म्हणाले विसरलात का?"

"रडत न्हाई गं बाई," पंचफुला म्हणाली. "बघून राहिले."