जबड्यातली चामखीळ

सकाळच्या प्रार्थनेला फादर गॉडरिकनं वर पाहिलं आणि प्रार्थना अर्ध्यावरच सोडली.

वेदीपुढच्या कमानीवर चित्रकार हॅमोनं नरकाचा जबडा रंगवला होता. इतका हुबेहूब, की दारातून तो पाहून फादरचं गाढव आठवडाभर गवताला शिवलं नव्हतं. कालपर्यंत त्या दातांत अकरा पापी होते. आज बारा. बारावा थर्स्टन. गेल्या रविवारी तळ्यात बुडून मेलेला पाणचक्कीवाला. डाव्या गालावरची टपोरी चामखीळसुद्धा त्याचीच.

दुपारपर्यंत गावानं थर्स्टनसाठी प्रार्थना करणं सोडलं. शुद्धिस्थानातल्या जिवाला प्रार्थनेनं वर काढता येतं, नरकात पडलेल्याला नाही. हे त्यांना शिकवलं होतं फादरनंच. तेच आता त्याला आतून कुरतडत होतं.

थर्स्टनची बायको गुनिल्ड फादरच्या दारात येऊन बसली. "माझा माणूस कायमचा जळणार का, फादर?"

फादर उठून तडक हॅमोकडे गेला.

लोक हॅमोचे हात तोडायला निघाले होते. थर्स्टननं त्याला किडकं पीठ विकलं होतं, आणि ते भांडण साऱ्या गावानं ऐकलं होतं.

"तू काढलास?" फादरनं विचारलं.

"असलं ओबडधोबड काम माझं? मी ओल्या चुन्यावर रंगवतो, फादर. भिंत पडेल, पण रंग सुटायचा नाही. याला बोट लावून बघा."

फादर हॅमोच्या लाकडी परांचीवर चढला. रंग बोटाला आला. त्यानं जिभेला लावून पाहिला. काजळी, आणि पिठाची खळ.

तो पाणचक्कीवर गेला. थर्स्टनचा जुळा भाऊ रॉल्फ तळ्यात वाकून दाढी करत होता. उजव्या गालावरच्या चामखिळीला वस्तरा जपून वळसा घालत होता.

"घरात आरसा नाही?"

"आमच्याकडे कुठला? जन्मभर पाण्यात दिसतो तोच मी."

"थर्स्टन बुडाला तेव्हा कुठे होतास?"

"आत."

"हाक ऐकली नाहीस?"

"चक्कीच्या घरघरीत काय ऐकू येणार, फादर?"

दुसऱ्या दिवशी फादरनं गाव कमानीखाली जमवलं.

"रंगात पिठाची खळ आहे, म्हणजे तो पाणचक्कीतून आला. पण हा थर्स्टन नाही. पाण्यात बघून स्वतःचा चेहरा काढला, की उजव्या गालावरचं डाव्या गालावर जातं. रॉल्फ, हा तू आहेस. आणि रविवारी चक्की बंद असते."

रॉल्फ खाली बसला. "सकाळी भांडलो होतो. त्यानं हाक मारली, मी म्हटलं, जरा भिजू दे. मग हाक यायची थांबली." त्यानं वर पाहिलं. "मला माझी जागा दाखवायची होती, फादर. तिथंही त्यालाच ढकललं."

फादरनं ओला फडका पुढे केला. गुनिल्डनं तो काढून घेतला.

"पुसू नका, भावजी. चामखीळ तेवढी उजव्या गालावर काढा."

रॉल्फ निमूट परांचीवर चढला. खाली गाव थर्स्टनसाठी गुडघ्यांवर बसलं. सर्वांत आधी फादर. त्याच्या बोटाची काजळी अजून गेली नव्हती.